मानी खाधी?

माझी मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा आम्ही उल्हासनगरला बराकीतल्या एका खोलीत राहत होतो. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मिस्टरांना अंबरनाथच्या कारखान्यात रात्रपाळी होती आणि मला एका शाळेत क्लार्कची नोकरी, तीही अजून कायम न झालेली. माझी आई सकाळी कुळगावहून येई, दिवसभर बाळाला सांभाळी आणि मी परतले की निघून जाई. मग रात्री आम्ही दोघीच. पोर सात-सात, आठ-आठ वेळा उठायची. पाजलं की तेवढ्यापुरती गप्प, मांडीवरून खाली ठेवली की पुन्हा टाहो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही. मग रडते का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. एका रात्री मी तिला गोधडीवर तशीच ठेवली, कोपऱ्यात जाऊन दोन्ही कानांत बोटं घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माहेर-सासर मिळून पहिली बी.ए. मी. वडिलांनी हमाली करून शिकवलं. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते. ऑफिसात हेडक्लार्क पाठीमागे म्हणायचे, "बाई फार मानी आहे हो." त्यात 'शिकली म्हणून' हे न बोललेलं असायचं, आणि 'यांच्यातली असून' हेही. म्हणून तो शब्द मला झोंबायचा. आणि शेजारची म्हातारी सिंधी बाई, जिला सगळी बराक अम्मा म्हणायची, ती दिवसभर दारात बसून कारखान्यातून आणलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायची आणि संध्याकाळी नळावर मी दिसले की माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "मानी खाधी?" मला त्यातला पहिला शब्द तेवढा कळायचा. वाटायचं, ही पण! मी हंडा उचलून मान फिरवून निघून जायचे. दोन महिने हे चाललं होतं.

शेवटी आईच एके दिवशी म्हणाली, "अगं, आरशात बघ जरा. डोळे खोल गेलेत. पोरीला मी कुळगावला नेते. वर्षाची झाली की आणून देते."

"म्हणजे सगळ्यांना बोलायला मोकळं. शिकलेलीला एक लेकरू सांभाळता आलं नाही."

"बोलणारे येतात का रात्री तुझी पोर घ्यायला?"

मिस्टरही तिच्याच बाजूने. रविवारी न्यायचं ठरलं. मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून मला अन्न जाईना. तसंही आधीपासून काय जेवत होते मी! सकाळी चहा, दुपारी डब्यातली अर्धी चपाती, रात्री पोर मांडीवर, ताट तसंच झाकलेलं. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

शनिवारची रात्र. लाइट गेलेली. पोर रडून रडून घोगरी झाली होती. तिचं कपड्यांचं बोचकं भरून दाराशी ठेवलं होतं. आमच्यात देवाकडे मागणं नसतं. नवस नाही, अंगारा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात सकाळ-संध्याकाळ त्रिशरण मात्र चुकत नाही. मला दुसरं काही सुचेना, म्हणून अंधारात तिला छातीशी धरून मी तेच म्हणायला लागले. त्रिशरण तीनदा म्हणतात. एकदा झालं. 'दुतियंपि' म्हटलं आणि 'सरणं'पर्यंत आले. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

अम्मा होती. हातात मेणबत्ती. माझ्या तोंडासमोर ती धरून म्हणाली, "मानी खाधी?"

माझा तोल गेला. "हो, आहे मी मानी! तुम्हाला काय करायचंय? जा ना!"

ती गोंधळली. मग पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली. "अरे, मानी! रोटी, रोटी! खाना खाया क्या, पूछती हूँ. कब से पूछती हूँ."

म्हणजे दोन महिने ती मला 'जेवलीस का' एवढंच विचारत होती. अम्मा आत आली. विचारायची पद्धत तिच्याकडे नव्हतीच. आधी आमच्या माठातलं पाणी घेऊन प्यायली. हे मी पाहिलं. त्या वेळी अशा गोष्टी आम्हाला दिसायच्याच. मग घरून कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाडजूड सिंधी पोळी, आणि वाटीभर दही घेऊन आली, पोरीला माझ्या हातातून काढून खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "माँ खाली, तो बच्ची कैसे भरेगी?" मी जेवत होते, रडत होते. ती खोलीत फेऱ्या मारता मारता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तशी सांगत होती. सिंधमधून आली तेव्हा निर्वासितांच्या याच कँपात तिचीही तान्ही अशीच रडायची. दूध उतरत नव्हतं. "वो नहीं रही," ती म्हणाली. "मुझसे किसी ने नहीं पूछा था."

सकाळी आईला मी तसंच परत पाठवलं. त्यानंतर रोज संध्याकाळी अम्माची थाळी आली. आमची भाकरी तिच्याकडे गेली. तिच्यासमोर पोटभर जेवल्याशिवाय मी पोरीला रात्रीचं पाजलं नाही.

त्या रात्री कडी वाजली याला मी चमत्कार म्हणत नाही. भिंत पातळ होती, रडणं ऐकू जात होतं. पण लहानपणापासून दिवसातून दोनदा मी 'शरण जाते' म्हणत होते आणि कधी कुणाला जाऊन 'मला जमत नाही' एवढं म्हटलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, असं मला वाटायचं. वाढलेलं ताट नाकारू नये, एवढंच ते असतं, हे मला एका परक्या भाषेतल्या बाईने शिकवलं. अम्मा आता नाही. तिचे उपकार मी फेडले नाहीत, ते फेडण्यासारखे नव्हतेच.

महिन्याभरात मुलगी रात्री दोनदाच उठू लागली. सात महिन्यांची झाली तेव्हा पहिल्यांदा सलग पाच तास झोपली. ती कुळगावला गेली नाही, माझ्याजवळच वाढली.