योहन्नाच्या जवाच्या भाकऱ्या

सार्दीस शहराच्या नदीवर आम्ही बायका लोकर धुतो. त्यांत योहन्नाइतकी भित्री दुसरी नाही. घोड्यांच्या टापा ऐकल्या की हातातली लोकर टाकून काठावरच्या भिंतीला चिकटायची. सगळ्या हसायच्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? मग एकदा तिनं सांगितलं. रोमी घोडेस्वारांनी वेढलेलं यरुशलेम पडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. "आज सुटका होणार, मंदिरात जाऊन बसा," असं कुणीतरी म्हणालं आणि तिची उपाशी आई जाऊन बसली. तिथंच जळाली. त्यानंतर हसायची माझी छाती झाली नाही.

प्रभू परत येणार यावर तिचा आम्हा बाकीच्या ख्रिस्ती लोकांइतकाच विश्वास. पण कुणी 'आज' म्हटलं की ती दाराकडे सरकायची. आणि या वसंतात आमचा संदेष्टा दियोक्लेस म्हणाला, "तिसऱ्या पहाटे प्रभू डोंगरावर उतरेल. घरंदारं सोडा. जो भाकरी बांधून नेईल त्याच्या मनात शंका आहे."

तिची लेक अफ्फिया सर्वांआधी उठली. सात महिन्यांची गरोदर! रोमच्या बादशहाच्या, कैसराच्या मूर्तीपुढे धूप जाळला नाही म्हणून तिचा नवरा नुकताच तुरुंगात मेला होता.

"अगं, पोटात जीव आहे! वर थंडी केवढी!"

"आई, प्रभू येईल तेव्हा मी चुलीशी बसू? तू नाही आलीस तर एकटी जाईन."

गेली बिचारी योहन्ना लेकीच्या मागोमाग. कमरेला, झग्याच्या आत, जवाच्या चार भाकऱ्या बांधल्या होत्या. ते फक्त मी पाहिलं.

वर दोन दिवस आम्ही उपाशी, कुडकुडत आभाळाकडे बघत होतो. ढग जरा हलला तरी माणसं ओरडायची. तिसऱ्या पहाटे अफ्फिया कोसळली, डोळे पांढरे झाले. योहन्नानं सर्वांदेखत भाकरी काढली, चावून मऊ केली आणि लेकीच्या तोंडात घातली. "खा गं बाळा, खा." दियोक्लेस किंचाळला, "घात केलास, बये!"

सूर्य उगवला. दुसरं कुणीच आलं नाही. आम्ही खाली उतरलो.

अफ्फिया वाचली, पोटातलंही वाचलं. पण शुद्धीवर आल्यावर ती आईला म्हणाली, "प्रभू माझ्या नवऱ्याला घेऊन येणार होता. तुझ्या भाकरीमुळे आला नाही."

तेव्हापासून सभेत योहन्नाशेजारी कुणी बसत नाही. नदीवर ती मला हळूच विचारते, "खरंच माझ्यामुळे का गं?" मी खाली मान घालून लोकर पिळते. डोंगरावर दुसऱ्याच दिवशी खडकाआड तिच्याकडून अर्धी भाकरी मीच मागून खाल्ली होती.