कपाशीच्या ओळीतला पदर

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यात उभी राहून काय बोलतीस, मी काय तुझ्या हापिसातली शिपाईण आहे? आल्यापासून एकच ऐकून राह्यले मी, हाताखालची ती नवी पोरगी चुका करती, तिला बदलून मागणार. का चुका करती, ते विचारलंस तिला? न्हाई ना. लेकाची लेक आहेस म्हणून रागावते, दुसऱ्या कुणाला बोलले नसते. चहा निवायच्या आत एक ऐक.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या वडीगोद्रीकडं संकरित कापसाच्या बियाण्याचे प्लॉट नवेनवे लागले होते. कळ्यांचं काम सगळं बायांचं. दुपारी, उद्या उमलणारी कळी शोधायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतली पिवळी भुकटी अलगद सोलून काढायची. मधली नाजूक दांडी तेवढी राखायची आणि खुणेला लाल कागदाचा तुकडा अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं. भुकटी मागं राहिली की कळी आपल्याच भुकटीनं फळती, बियाणं बिघडलंच.

आमच्या टोळीचा जुना मुकादम बांधावरून ओरडायचा. "ए तिसरी ओळ, हात चालव! ए कडेची, झोपली का?" एकीचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. तो जालन्याला जिनिंगवर लागला आणि मालकांनी टोळी माझ्याकडं दिली. का, तर मला थोडं वाचता यायचं. शाळेत कुठली गेले मी, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण बोलायचं जमायचं न्हाई. समोर पुरुषमाणूस असला की मी तोंडाला पदर लावून बाजूच्या बाभळीशी बोलायची.

म्हणून मी बांधावर उभीच राहिले न्हाई. बांधावरून ओरडावं लागतं, ओळीत शिरलं तर हळू बोललं तरी भागतं. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, मला तेच जमणारं होतं. पण ओळीत शिरलं की माणूस कळतं. कुणाचं लेकरू तापलंय, कुणाच्या कमरेला वाकणं सोसत न्हाई, सगळं कळतं. एकीला काकू म्हणायची, एकीला वहिनी. सगळ्यांत मोठी मुसलमानाच्या घरची, तिला खाला, म्हणजे मावशी. खालाची जीभ म्हणजे नुसती मिरची, पण ती असली की दुपार कशी सरायची ते कळायचं न्हाई.

टोळीत एक नवी सून होती, माझ्याच आळीतली. घरात तिनं सासूच्या तोंडून एकच ऐकलेलं, हिला काही जमत न्हाई. हट्टानं कामाला आल्ती. सासूनं बजावलं होतं, तिथूनही माघारी धाडलं तर पुन्हा घराबाहेर पाऊल टाकायचं न्हाई.

आणि नेमक्या तिच्याच ओळीत लाल कागद लावलेल्या कळ्यांत पिवळी भुकटी तशीच! बियाण्याचे साहेब सकाळी फटफटीवरून पाहणीला आले, कळ्या उलगडून बघितल्या आणि मालकांना म्हणाले, "या बाईला काढा, न्हाईतर प्लॉट नापास होईल. मी घनसावंगीला जाऊन येतो, तोवर बघा."

भाकरी खायला बसलो तेव्हा मी तिच्याजवळ सरकले. "दिसतं ना गं नीट?"

"दिसतं की."

"मंग?"

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

दुपारी मी तिच्या शेजारची ओळ धरली. काय सांगू, इतका हलका हात! कळी फिरवली की साफ. मी म्हटलं, हिला कोण काढतंय? आणि एकदम तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. त्या पदराखाली, निव्वळ चाचपून, कळ्या सोलायला लागली. मी मान वर केली. समोरून तिचे थोरले दीर, मालकांचे सालगडी, खांद्यावर फावडं टाकून कपाशीला पाणी द्यायला येत होते.

खालानं पाहिलंच. "अगे, पडदा तो हमारे में बोलते, और ओढ के तू बैठी! कळीला बी लाजती काय गं?"

बाया खदखदल्या, पण ती रडकुंडीला आली. हळूच म्हणाली, "थोरल्यांसमोर तोंड उघडं कसं ठेवू, अक्का? ते कधी कुठून येतेत, कळत न्हाई. म्हणून एकदा दिसले की मंग दिवस कलेस्तोवर पदर खालीच ठेवते."

दिवस कलताना साहेब परत आले. मालक, साहेब, दीर, सगळे बांधावर. बाभळ होती, पण मी तिच्याकडं बघितलं न्हाई. पदर कमरेला खोचला आणि म्हटलं, "साहेब, तिला काढू नका."

आवाज इतका मोठा निघाला, की ओळीओळीतून बाया उभ्या राहिल्या. मीच दचकले. पण निघाला तो निघाला.

"तिचा हात बराबर आहे, मी दुपारभर शेजारी बसून पाह्यलंय. पाणी द्यायला माणूस आला की पदर खाली येतो अन् कळी दिसत न्हाई, एवढंच."

मालक म्हणाले, "मंग काय करू? मोटरीला लाईट दुपारीच असती. पाणी दुपारीच द्यावं लागंल."

दिरांची मान खाली गेली. त्यांना चारचौघांत दोषी ठरवलं, तर त्या पोरीला घरी काय ऐकावं लागेल ते मला कळत होतं. म्हणून मी त्यांच्याकडं वळून साधं विचारलं, "दादा, घरी तुम्ही अंगणात पाय टाकायच्या आधी खाकरता ना?"

"खाकरतो."

"हितं बी येता-जाता खाकरा की. तुमचा आवाज आला की ती हात थांबवंल, पदर घेईल. तुम्ही गेलात की पुन्हा काम."

ते पायानं माती सारत राहिले. मग म्हणाले, "हे आधीच सांगायचं की. मला काय ठाऊक, पोरगी आंधळ्यावानी काम करून राह्यली."

साहेब हसले. "पुढच्या पाहणीला बघतो," म्हणाले आणि फटफटीला किक मारली.

दुसऱ्या दिवसापासून शिवारात जे खाकरणं सुरू झालं! ते दीर मुळात अबोल, पण खाकरायचे असे की पलीकडच्या रानातले बगळे उडायचे. खाला ओरडायची, "दादा, गूळ-सुंठ खाव, सर्दी लई झाली!" आणि पदराआडून सगळ्यांत आधी हसायची ती नवी सूनच. पुढच्या पाहणीला साहेबांनी तिच्या ओळीतल्या कळ्या जास्तच उलगडल्या. बिलकुल साफ! ती हंगामभर राहिली, पुढचे हंगामही राहिली, आणि माझ्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा टोळी तिनंच सांभाळली.

आता उद्या हापिसात जाशील तेव्हा खुर्चीवरून हाक मारू नको त्या पोरीला. तिच्या टेबलाशी जाऊन बस. लगेच सांगायची न्हाई ती, दुसऱ्यांदा बस. आणि वरच्या साहेबापुढं तिच्यासाठी बोलायची वेळ आली तर पदर खोचून बोल. आता तुला कुठला पदर, ओढणी तरी खोच.

ती पदरवाली आज लेकीकडं राजूरला गेलीय, न्हाईतर तुला भेटवली असती. दीर जाऊन कैक वर्षं झाली. पण अजून कुणी खाकरलं की तिचा हात आधी पदराला जातो, आणि मग आम्ही दोघी हसत बसतो. जा, तुझी गाडी चुकेल. पण दिवाळीची वाट बघू नको, लवकर ये. ती असेल तेव्हा ये, आणि दारातून आत यायच्या आधी जरा खाकर.