उंटापुढचं प्यादं

राजाकडच्या उंटापुढचं प्यादं सुरुवातीलाच फुकट द्यायचं आणि मोकळ्या झालेल्या वाटेनं हत्ती आणायचा. मंगरूळपीरचे बुद्धिबळ खेळणारे या चालीला अजून माझं नाव लावतात. ती माझी नाही.

ती एका माळ्याची. मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो आणि तो गावाबाहेर वांगी-मिरची पिकवायचा. कचेरी सुटली की मी मळ्यात जायचो. मोट थांबलेली असायची, बैल कडबा खात असायचे, बांधावर आमचा कापडी पट. वांग्याची पहिली फुलं तो खुडून टाकायचा, म्हणजे झाड जोमानं वाढतं. खेळायचाही तसाच.

"कायले जपून राह्यला त्या प्याद्याले, बाबू? लेकरू हाय काय तुहं? खाऊ दे त्याले. तो खात राहीन, तवर तू घरात घुस!"

पेठेत एका जैन शेटजींच्या ओट्यावर रोज डाव चाले. कोणी नव्या चालीनं जिंकला, तर ती शिकवणाऱ्याला गादीवर बसवून शेटजी स्वतः त्याच्याशी खेळत. माळी भाजी विकून झाली की खाली उभा राहून बघायचा. त्याला कधी कोणी वर बोलावलं नाही.

"जिंकला तं माह्यं नाव सांगजो," तो मला म्हणाला होता. "एक डाव मले त्या वट्यावर खेळाचा हाय."

आसेगावच्या एका पाटलांना मी त्याच चालीनं हरवलं.

"वा बाबू!" शेटजी म्हणाले. "कोणाजवळ शिकले?"

माळी खालीच होता, रिकामी पाटी काखेत धरून. पण ओट्यावर आमचे तहसीलदार बसले होते. त्यांच्यासमोर माळ्याला गुरू म्हणायची मला लाज वाटली.

"इंग्रजी पुस्तकात वाचली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत मळ्यात गेलो. त्यानं पट मांडून ठेवला होता. दोनचार चाली झाल्यावर म्हणाला, "पुस्तकात आनखी काय काय हाय, बाबू?" आणि हसला. मला हसता आलं नाही.

पुढं कित्येक वर्षं आम्ही खेळलो. तेवढ्या सुखाच्या संध्याकाळी मला पुन्हा मिळाल्या नाहीत. उद्या ओट्यावर खरं सांगू, असं मी घरी जाताना रोज ठरवायचो. तो गेला तोवर माझ्याच्यानं ते झालं नाही, आणि शेटजींच्या गादीवर तो एकदाही बसला नाही.