उरलेला उजवा कान

...तर मी तुझ्या मामाआजोबांचं सांगत होते. लिहितेस ना गं?

माझा धाकटा भाऊ कापडाच्या कारखान्यात मागावर म्हातारा झाला. तिथं माग असे धडधडायचे की घसा फोडला तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. मग ती माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची. शिव्यासुद्धा बिनआवाजाच्या. मालकाच्या पाठीमागे त्याचा उद्धार चालायचा, त्याला पत्ता नाही.

भावाची लेक लग्न होऊन लांब गेली. तिकडं तिला मुलगी झाली. मध्यंतरी तिचा फोन आला, "बाबा, ऐका, ही बोलायला लागलीय." पोर इतकी किंचाळत होती की मला ओट्यापाशी ऐकू आलं. ह्यानं फोन कानाला घट्ट दाबला, तर कानात नुसती किरकिर. तो भांबावला आणि कारखान्यातल्या सवयीनं नुसते ओठच हलवायला लागला, "बोल गं सोने, आजोबांशी बोल." मला समोरून कळलं, लेकीला कसं कळावं? "बाबा, रागावलात का माझ्यावर?" म्हणाली आणि रडत फोन ठेवला.

मी म्हटलं, "सांगून टाक तिला, ऐकू येत नाही म्हणून."

"नको ताई. सगळं टाकून धावत येईल. तू बोलायचं नाहीस, शपथ आहे."

मग मी त्याला कान दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, उजव्यात थोडं उरलंय, ते जपा. झालं, ह्यानं माग सोडला आणि भिंतीपलीकडं कापडाच्या घड्या घालायचं काम मागून घेतलं. पोरं चिडवतात, "काय काका, इस्त्रीवाले झालात?" हा हसतो. मालकाच्या मागं लागून त्यानं एका रांगेतल्या मागांखाली आवाज दबायला रबर घालून घेतलं, पोरांना कानात बोळे घालायला लावले. लग्नाच्या हॉलवरून जाताना स्वतःचा उजवा कान तळहातानं झाकतो, जसं काही आत दिवा लावलाय.

संध्याकाळी पंखा, टीव्ही सगळं बंद करतो आणि उजवा कान माझ्याकडं करून म्हणतो, "ताई, बाळ कसं बोललं ते करून दाखव ना." मी आपली बोळक्या तोंडानं "अग्गू, बुबू" करते. डोळे मिटून ऐकतो. मग म्हणतो, "तुझा आवाज जाडा आहे गं."

शपथ बोलायची घातली होती, लिहायची नाही. तेव्हा हे माझ्या भाचीला पाठव. म्हणावं, बाप रागावलेला नाही. बाळाला घेऊन ये, आणि लवकर ये.