पहिली ऑर्डर सासूबाईंच्या नंबरावर

बाळ अडीच महिन्यांचं झालं होतं आणि माझी रजा संपत आली होती. आळेफाट्याच्या एका पतसंस्थेत मी कॅशवर बसते. खाजगी नोकरी, त्यामुळे रजेचे महिने बिनपगारी. त्यात बाळ उजव्या बाजूला तोंडच लावेना. लावलं की मला ब्रह्मांड आठवायचं, इतकी मोठी चीर पडली होती. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि बजावून सांगितलं, "दूध साचू द्यायचं नाही. गाठ झाली, ताप चढला, तर अवघड होईल. पंपानं काढत जा."

ओतूरच्या मेडिकलमध्ये हातानं दाबायचा एक रबरी पंप मिळाला. त्यानं दूध कमी आणि कळाच जास्त आल्या. मग बाळ झोपलं की मी मोबाईलवर विजेवर चालणारा पंप शोधत बसायचे.

एका अ‍ॅपवर मनासारखा सापडला. खाली हिरव्या अक्षरांत 'फ्री डिलिव्हरी' लिहिलेलं. पण पैसे भरायच्या पानावर गेलं की डिलिव्हरीचा वेगळा चार्ज लागलेला. मागं जावं तर पुन्हा फ्री, पुढं जावं तर पुन्हा चार्ज. बारीक अक्षरं वाचत बसले तेव्हा कळलं, ठरावीक रकमेच्या वर खरेदी असेल तर फ्री. माझी रक्कम वर होती. आणखी खाली वाचलं, तर तो नियम फक्त अ‍ॅपच्या स्वतःच्या मालाला, दुसऱ्या विक्रेत्याच्या मालाला नाही. पंप दुसऱ्या विक्रेत्याचा. पतसंस्थेत दिवसभर व्याजाचे नियम लोकांना समजावून सांगणारी मी, त्या पानापुढं हात टेकले.

नवरा चाकणच्या कंपनीत, शनिवारी रात्री घरी येतो. त्यानं माझा मोबाईल हातात घेतला आणि सांगितलं, "अगं, नवीन ग्राहकाची पहिली ऑर्डर कुठलीही असो, डिलिव्हरी फ्री. आपल्या दोघांच्या नंबरांवर आधीच खातं आहे. आईच्या नंबरावर काढू."

सासूबाईंना त्यानं सांगितलं, फोन जरा अपडेट करतो. त्या म्हणाल्या, "बँकेचं काय नाय ना त्यात?" तो नाही म्हणाला आणि त्यांच्या नंबरावर पंप मागवून टाकला. पंपाचं त्यांना सांगू नको, असं मीच त्याला सांगितलं होतं. शेजारच्या गोठ्यात दूध काढायचं मशीन आलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "गाईची माया आटवायचे धंदे." आता सुनेनं तसलं मशीन लावलेलं त्यांना कसं सांगायचं? सासरे नाहीत. घरात आम्ही दोघी आणि बाळ. तोंड फिरवून राहायलाही जागा नव्हती.

मंगळवारी पहाटे सासूबाई बचतगटाच्या बायकांबरोबर जीपनं भीमाशंकरला निघाल्या. बाळ रात्रभर रडलं होतं. निघता निघता त्या मला दोन वाक्यं बोलल्या आणि जीपमध्ये बसल्या. मी दार लावून घेतलं. उजवी बाजू दगडासारखी झाली होती आणि सकाळी उजाडेपर्यंत मला थंडी वाजायला लागली.

सकाळच्या चहाची वेळ टळून गेल्यावर दारात मोटारसायकल थांबली. मागं भलीमोठी पिशवी, डिलिव्हरीवाला चाळिशीचा, घामानं भिजलेला. पार्सल हातात धरून त्यानं विचारलं, "ताई, ओटीपी सांगा."

माझ्या मोबाईलवर मेसेज नव्हता. कसा असेल? तो सासूबाईंच्या फोनवर गेला होता.

"भाऊ, फोन सासूबाईंकडे आहे. त्या बाहेर गेल्यात. देऊन जा ना, सही करते."

"आमच्या हातात नाय ताई. नंबर टाकल्याशिवाय एंट्रीच व्हत नाय."

"मग उद्या आणाल?"

त्यानं मोबाईलवर बघितलं. "हे पयल्या ऑर्डरीचं फ्री डिलिव्हरीचं पार्सल हाये. ह्याला एकच चक्कर. आज नाय दिलं तर माघारी जाणार. मग तुमी परत मागवायचं."

परत म्हणजे आणखी तीन-चार दिवस. अंगातली कणकण वाढत होती. नवऱ्याला फोन लावला, तर त्याचा मोबाईल शिफ्टमध्ये लॉकरला असतो. सासूबाईंना लावला. पहिल्यांदा लागलाच नाही. दुसऱ्यांदा लागला. मागं बायकांचा गलका. डिंभ्याला चहाला थांबल्या होत्या. तिथून पुढं घाट लागला की रेंज जाते, हे मला माहीत होतं.

"आई, तुमच्या फोनवर एक मेसेज आलाय. त्यात नंबर आहे चार आकडी. तेवढा वाचून सांगा."



"कोण बोलतंय?"

"मी बोलतेय आई."

"ओटीपी मागते का?"

"हो."

"ओटीपी कुणाला द्यायचा न्हाई. घरच्या माणसाचा आवाज काढून मागत्यात, आमाला मीटिंगमधी सांगितलंय." आणि फोन बंद.

डिलिव्हरीवाल्यानं घड्याळ बघितलं. "ताई, अजून लई पार्सलं हायेत. पार उंब्रजपर्यंत जायचंय."

"पाच मिनिटं थांबा भाऊ. पाया पडते."

बाळ आत उठून रडायला लागलं. त्याचा आवाज ऐकून दूध दाटून आलं आणि उजवीकडून काखेपर्यंत सणक गेली. मी दाराच्या चौकटीला धरून पुन्हा फोन लावला. मागं जीपवाल्याचा हॉर्न ऐकू येत होता.

"आई, फोन ठेवू नका. मीच आहे. हवं ते विचारा."

त्या मग म्हणाल्या, "सांग मंग, सकाळी निघताना मी काय म्हणले?"

डिलिव्हरीवाला दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"तुम्ही म्हणालात, तुझ्या अंगात दूधच नाही, म्हणून पोरगं उपाशी रडतंय. आल्यावर गाईचं सुरू करते."

पलीकडे हॉर्न वाजतच होता. कुणीतरी "चला मावशी" म्हणत होतं.  

"वाच म्हणतीस तर वाचते," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. त्यांनी एकेक आकडा सांगितला. मी मोठ्यानं म्हटला. डिलिव्हरीवाल्यानं टाकला आणि मान हलवली. "चुकीचा दाखवतंय."

"आई, सगळ्यात वरचा मेसेज बघा. आजचा."

"लई मेसेज हायेत गं इथं."

"पार्सल लिहिलेला. आजचा."

"थांबा वो जरा!" त्या जीपवाल्यावर ओरडल्या. मग पुन्हा चार आकडे, अगदी सावकाश. या वेळी डिलिव्हरीवाल्याचा मोबाईल टुणकन वाजला. त्यानं पार्सल माझ्या हातात दिलं, आणि मी कानाला फोन तसाच धरून उभी राहिले.

"काय मागवलंय एवढं?" त्यांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "दूध काढायचं मशीन. साचलंय आई, गाठ झालीय. अंगात ताप आहे."

त्यांनी काहीतरी म्हटलं, पण जीप सुरू झाली होती. पुढचं तुटलं.

डिलिव्हरीवाला मोटारसायकलला किक मारता मारता थांबला. "ताई, गरम पाण्यानं शेका आधी. आमच्या मंडळींना पण झालं व्हतं." एवढं बोलून तो गेला.

शेकून पंप लावला. पहिल्यांदा काहीच येईना, आणि मग येतच राहिलं. मी रडत होते, बाळ रडत होतं. संध्याकाळी ताप उतरला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलून दिल्या.

सासूबाई मंगळवारीच दिवेलागणीला परतल्या. आल्या आल्या त्यांनी मुलाला फोन लावला आणि माझ्यादेखत त्याला झापलं, "माझ्या नंबरावर मला न इचारता? उद्या कोणी माझ्या नावावर कर्ज काढंल!" शनिवारी तो आला तेव्हाही त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र त्या मंगळवारी संध्याकाळी रागावल्या नाहीत. प्रसाद हातावर ठेवला, पंपाच्या बाटल्या उचलल्या आणि चुलीवर पाणी तापवायला ठेवलं. पाणी उकळत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला पयल्या येळी गाठ झाली व्हती. ओतूरला नेऊन चिरली." नवऱ्याला हे माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना.

कामावर परतायच्या आदल्या दिवशी मी त्यांना फ्रीजमधलं दूध कसं कोमट करायचं ते दाखवलं. बाटली त्यांना मान्य नव्हती. वाटी-चमच्यानं पाजीन, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी पतसंस्थेतून मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या.

"पिलंय, झोपलंय. सारखा फोन नको करू, उठंल ते."