ताम मावशीच्या माहेरच्या मुंग्या

ताम मावशी लग्न होऊन आमच्या कालव्यावर आली तेव्हा वरातीच्या होडीत तिच्याबरोबर एक कपड्यांची पेटी, एक पितळी पानदान आणि तोंड घट्ट बांधलेलं एक गोणपाट होतं. गोणपाटात काय आहे ते नवऱ्याकडच्या कुणी विचारलं नाही. चिकट तांदूळ असणार, दुसरं काय? होडी धक्क्याला लागली. नवऱ्याच्या थोरल्या काकांनी मोठेपणा मिरवायला ते गोणपाट स्वतः खांद्यावर घेतलं, आणि पायऱ्या चढायच्या आत नवाकोरा सदरा अंगातून ओरबाडून काढत कालव्यात उडी ठोकली. आत मुंग्या होत्या. पिवळ्या, लांब पायांच्या, झाडाची पानं शिवून घरटी करणाऱ्या, आणि चावल्या की त्याच जागी आंबट पाणी सोडणाऱ्या.

"बाबांनी दिल्यात," नवरी मान खाली घालून म्हणाली. "झटकू नका हं, मरतील."

हा किस्सा मला माझ्या सासूने सांगितला. ती तेव्हा धक्क्यावर होती आणि मरेपर्यंत हसत होती. मी काही मावशीची सख्खी कुणी नाही. कालव्याच्या तोंडाशी माझं कॉफीचं दुकान आहे, येणारी-जाणारी प्रत्येक होडी माझ्यासमोरून जाते, आणि देवाने मला दोन कान दिलेत. मावशीला ताम म्हणतात, म्हणजे आठवी. आमच्याकडे माणसाला जन्माच्या क्रमाने हाक मारतात, पण पहिलं पोर दुसरं म्हणून मोजतात, त्यामुळे आठवी ती खरी सातवी. भुतांना गंडवायला ही सोय केली म्हणतात. भुतं गंडली की नाही ठाऊक नाही, गणतीला येणारा सरकारी माणूस मात्र दर खेपेला गंडतो.

तर त्या मुंग्या संत्र्याच्या बागेत सुटल्या आणि मावशीचा संसार सुरू झाला. पुढे नवरा गेला, लेक शहरात शिवणाच्या कारखान्यात गेली, मुंग्या राहिल्या. मावशीची सकाळ त्यांच्यापासूनच सुरू होते. कोंबडीची आतडी नाहीतर माशांची डोकी फांद्यांना टांगायची. या झाडावरून त्या झाडावर काथ्याची दोरी बांधायची, म्हणजे मुंगीबायांना चिखलात उतरायला नको. मग सगळ्यांची खबरबात घ्यायची. मुंग्या त्या बदल्यात पानं पोखरणाऱ्या अळ्या खातात आणि हिरव्या ढेकणांना फळाजवळ फिरकू देत नाहीत. हिरवा ढेकूण फार पाजी. एकदा सोंड खुपसून रस प्यायला की ते संत्रं तेतला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, देवापुढे ठेवायला उरत नाही, त्याआधीच गळून पडतं. मुंग्या झाडावर थोडे पांढरे पिठ्या ढेकूण स्वतःच पाळतात, त्यांचा गोड रस प्यायला. त्याबद्दल मावशीची तक्रार नाही. "राखण करतात तर चहापाण्याला काहीतरी लागणारच," ती म्हणते.

गावात फवारणीचे पंप आले तेव्हा सगळ्यांनी घेतले. मावशीने नाही घेतला. "तुमचा पंप रात्री झोपतो," तिने सांगितलं. "माझ्या झोपत नाहीत." फळं उतरवताना मात्र त्याच मुंग्या तिला फोडून काढतात. हाताला कोपरापर्यंत राख चोळून ती झाडावर चढते, आणि मग तिच्या शिव्या माझ्या दुकानापर्यंत ऐकू येतात. "मेल्यांनो, पोसणारा हात ओळखत नाही का? बाबांना सांगेन हं तुमचं!" बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली.

मावशीच्या बागेला लागून पाण्याने भरलेली एक चर आहे आणि चरीपलीकडे चिन काकांची बाग. चिन म्हणजे नववा, तुम्ही आठवा समजा. विधुर माणूस, डोक्यावर केस कमी, हसणं जास्त. तेही मुंग्याच पाळत, पण त्यांच्या मुंग्या आजोबांच्या काळापासूनच्या. घोटाळा तिथेच होता. या मुंग्यांमध्ये एका राणीची प्रजा दुसऱ्या राणीच्या प्रजेला ओळख दाखवत नाही. एका फांदीवर भेटल्या की पाय ओढून, मान तोडून, दोन्हीकडचे मुडदे पडेपर्यंत लढतात. मुंग्यांना पोहता येत नाही म्हणून चरीच्या जिवावर शांतता होती. आमच्याकडे दर चरीवर एका बांबूचा साकव असतो, हाताला धरायला आडवा दुसरा बांबू. या एका चरीवर कधी कुणी साकव टाकला नाही. पलीकडचा माणूस खोकला तर इकडे ऐकू यावं, आणि भेटायचं तर होडी काढून कालव्याने वळसा घालावा लागे.

चिन काका तो वळसा दिवसातून दोनदा घालायचे. कधी मासा घेऊन, कधी भोपळा घेऊन, कधी नुसतेच. वर मावशीची अट अशी की अंगावर, टोपीत, खिशात तिकडची मुंगी असेल तर बागेत पाऊल टाकायचं नाही. म्हणून काका धक्क्यापाशी कपड्यांसकट कालव्यात बुडी मारायचे आणि ठिबकत ठिबकत पायऱ्या चढायचे. या वयात माणूस दिवसातून दोनदा अंघोळ कशाला करतो, हे कळायला विद्वान असावं लागत नाही. सगळ्या कालव्याला कळलं होतं.

शेवटी काकांनी माझ्या हाती पानसुपारीचं तबक धाडलं. पान-सुपारी म्हणजे आमच्याकडे मागणीच. मावशीने एक सुपारी उचलून वास घेतला, परत ठेवली, आणि गालांवर लाली आलेली लपवायला चुलीत फुंकर घालत बसली.

"माणूस चांगला आहे गं," ती म्हणाली. "पण मी राहू कुठं? माझ्या मुंग्या सोडून मी तिकडे जाणार नाही. ते इथे आले तर त्यांची बाग कोण बघणार? आणि नवऱ्याच्या घरी रोज होडीने जायला मी काय टपालवाली आहे? मधे साकव असता तर गोष्ट वेगळी."

"मग साकव टाकू या की."

"टाक, आणि दोन्हीकडच्या मुंग्यांचं श्राद्धही घाल. साकव पडला तर लग्न, पोरी. आणि साकव काही पडायचा नाही."

मी हे जसंच्या तसं काकांना सांगितलं. वर पदरचंही जोडलं, "काका, मुंगी होऊन साखर खा. धीर धरा." पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. काकांच्या कानात निम्मंच शिरलं, साकव पडला तर लग्न.

त्यांनी गुपचूप एक जाडजूड बांबू तोडला, त्याच्या मधोमध राखेचा आणि रॉकेलचा जाड पट्टा लिंपला, म्हणजे कुठलीच मुंगी तो ओलांडणार नाही, आणि सकाळी सकाळी चरीवर आडवा टाकला. युक्ती वाईट नव्हती. साकवावरून मावशीकडे जाताना काका इतके ताठ चालले की दोनदा पडता पडता वाचले. मावशी "काढा तो, काढा आधी" म्हणत होती, पण तिचंही लक्ष बांबूपेक्षा काकांच्या नव्या सदऱ्याकडे होतं. दोन दिवस मुंग्या पट्ट्यापर्यंत आल्या, मिशा हलवल्या, परत गेल्या. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, लग्नाचा सदरा धुऊन ठेव.

मग पौर्णिमा आली. पौर्णिमेला आमच्याकडे नदी उलटी चढते, कालवे फुगतात, चरी काठोकाठ भरतात. हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. चिन काकांचं सगळं आयुष्य त्या पाण्यावर गेलं, आणि माणूस प्रेमात पडून भरती विसरला. पाणी बांबूवरून गेलं, राख धुऊन नेली, आणि ओहोटीबरोबर शहाण्यासारखं खाली उतरलं.

सकाळी बांबू पिवळा झाला होता. इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे, मधे नुसता मुडद्यांचा खच, आणि खाली चरीतले मासे आ वासून मेजवानी झोडत होते. मावशीने बांबू उपसून कालव्यात भिरकावला. मी दुकानात बसल्या जागी पाहिलं, साकव वाहत समुद्राकडे चालला होता, त्यावरून लग्नाचं काय झालं ते कळलं. सदरा मी परत पेटीत घातला.

चरीच्या दोन काठांवरून जे बोलणं झालं ते ऐकायला होडीतही बसावं लागलं नाही.

"चिनभाऊ, तुम्ही माझं माहेर मारलंत!"

"तामबाई, माझ्या आजोबांच्याही मेल्या की!"

"मग जाऊन सांगा आजोबांना, नातवाला भरती कधी येते ते शिकवायचं राहिलं म्हणून!"

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. मावशीच्या सगळ्या मुंग्या लढायला चरीकडे धावल्या होत्या, त्यामुळे पलीकडच्या टोकाची झाडं ओस पडली आणि हिरवे ढेकूण पाहुण्यांसारखे येऊन बसले. संत्री नुकती तांबूस होऊ लागली होती. मावशी लांब काठीच्या टोकाला फणसाचा चीक लावून एकेक ढेकूण टिपत बसायची. काका होडी घेऊन यायचे, बुडी मारायचे, धक्क्यावर ठिबकत उभे राहायचे. आतून आवाज यायचा, "परत जा." मग ते परत जायचे.

एकदा मावशी दुकानात आली, कॉफी मागितली आणि तशीच थंड होऊ दिली. "मला आवडतो गं तो माणूस," ती म्हणाली. "या वयात लाज वाटते सांगायला, पण आवडतो. उठल्यावर पहिलं चरीपलीकडेच बघते मी. पण बापाचं माझ्याकडे एवढंच उरलंय, आणि त्याच्याकडेही त्याच्या आजोबांचं तेवढंच. कुणी कुणाचं सोडावं?" मी तिची कॉफी परत गरम करून दिली.

त्यानंतर काकांचं येणं बंद झालं. होडी माझ्यासमोरून जायची, पण उलट दिशेला, नदीकडे, आणि आत तोंड बांधलेली गोणपाटं. मला वाटलं संत्री कच्चीच विकतोय माणूस. शेवटच्या खेपेला परत येताना ते दुकानापाशी थांबले आणि मी किंचाळलेच. तोंड फणसासारखं सुजलेलं, एक डोळा बंद.

"काका, हे काय?"

"राणीचं घरटं अगदी शेंड्याला होतं. सापडत नव्हतं." त्यांनी अर्धवट हसायचा प्रयत्न केला. "सगळी घरटी काढली बघ. नदीच्या वरच्या अंगाला थोरल्याची बाग आहे ना, तिथे सोडून आलो. वाडवडिलांचं धन लेकाला दिलं, संपलं."

"आणि तुमची झाडं?"

"उघडी."

"तेत तोंडावर आला आणि झाडं उघडी?"

"तिला सांगू नको," काका म्हणाले. "तिने आपणहून विचारलं तर बघू."

मला सांगू नको म्हणणं आणि गावच्या भोंग्यावर सांगणं एकच. काकांची होडी त्यांच्या धक्क्याला लागायच्या आत मी मावशीच्या बागेत होते. तिने सगळं ऐकलं. माझी समजूत होती की ती रडेल. ती भडकली.

"वेडा झालाय का तो माणूस? आज ना उद्या ढेकूण चाटून पुसून नेतील सगळं! एवढ्या उंचावर चढला? या वयात? पडला असता म्हणजे?" बोलता बोलता तिने खुंटीवरचं काथ्याचं भेंडोळं घेतलं होतं. चरीकाठच्या शेवटच्या झाडावर ती चढली, शिव्या घालत, चावे खात. एक टोक तिने फांदीला पक्कं बांधलं आणि दुसऱ्या टोकाला कच्चं संत्रं बांधून चरीपलीकडे भिरकावलं.

काका आपल्या उघड्या झाडाखाली बसले होते. संत्रं त्यांच्या पायाशी पडलं.

"बांधा!" मावशी ओरडली.

"कुठं?"

"माझ्या डोक्याला! झाडाला बांधा!"

त्यांनी बांधलं. मग आम्ही तिघं दोरीकडे बघू लागलो, दोघी या काठावर, एक त्या. पहिली मुंगी दोरीवर आली, मधोमध थांबली, मिशा हलवल्या. समोरून कुणीच आलं नाही. मग ती सरळ चालत गेली, मागून दुसरी, तिच्यामागून रांग. त्या तीरावर चुकून राहिलेल्या चार-दोन मुंग्यांनी थोडी कुरकुर केली, पण त्यांना धूप घालणारं कुणी नव्हतं. रांग काकांच्या झाडावर चढली आणि पानं हुंगू लागली.

"तामबाई," काका सुजल्या तोंडाने म्हणाले, "तुमच्या माहेरची माणसं आली माझ्याकडे."

मावशी झाडावरून उतरली. पदराने तिने डोळे पुसले की चावे, ते मला दिसलं नाही.

"अहो, मग बघत काय बसलात?" ती म्हणाली. "बांबू आणा. त्यांना दोरी पुरते, मला नाही पुरायची."