सहाव्या चौकटीतली आडवी रेघ

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तिला सगळे कलमताई म्हणत, कारण नियमपुस्तकातली एकशे चाळीस कलमं तिला तोंडपाठ होती. हजेरी कमी पडली तर काय, पेपरला अर्धा तास उशीर झाला तर काय, तोंडीत पास आणि लेखीत नापास झालं तर काय, कुणीही काहीही विचारावं, ती मान वर न करता कलमाचा आकडा सांगायची. प्राध्यापक मंडळीही तिला वचकून असत. एकदा एका विभागप्रमुखांनी ‘आमच्या काळी असं नव्हतं’ म्हटलं, तेव्हा तिने त्यांना त्यांच्या काळचं कलमही म्हणून दाखवलं. ते चहा अर्धा टाकून निघून गेले.

त्या एकशे चाळीसातलं एक कलम तिचं स्वतःचं होतं. ती नोकरीला नवी असताना कुठल्याशा बड्या माणसाच्या भाच्याचे गुण निकालानंतर बंद खोलीत वाढले होते. बोभाटा झाला, चौकशी झाली आणि नवा नियम करायचं ठरलं. मसुदा लिहायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून हिला, नव्या कारकुनीण बाईंना, सांगितलं. तिने लिहिलं: ‘निकाल जाहीर झाल्यावर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अर्जाशिवाय कोणतीही उत्तरपत्रिका कोणत्याही कारणास्तव उघडली जाणार नाही.’ सभेत त्यातला एक शब्दही बदलला नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिला एवढा आनंद दुसऱ्या कशाचा झाला नव्हता, पगारवाढीचाही नाही.

तिचं मुख्य काम पडताळणीचं. प्राध्यापक पेपर तपासून देतात. मुखपृष्ठावर प्रत्येक प्रश्नाची एक चौकट असते, त्यात गुण लिहितात आणि बेरीज मारतात. विद्यार्थ्याचा क्रमांक झाकलेला असतो, वर फक्त एक सांकेतिक आकडा. मग कलमताईने आतलं पानन् पान उलटायचं, काही तपासायचं राहिलं नाही ना ते पाहायचं, बेरीज जुळवायची आणि कोपऱ्यात सही ठोकायची. विद्यार्थ्याने पानं कोरी सोडली असली की तपासनीस त्यावर तिरपी काट मारतात. काट दिसली की पेपर संपला, हे परीक्षा विभागात सगळ्यांच्या हाडीमासी खिळलेलं. नियम म्हणतो, काटेनंतरही शेवटच्या पानापर्यंत जा. सव्वीस वर्षं ती गेली. एका दुपारी नाही गेली.

का नाही गेली? त्याला काही मोठं कारण नव्हतं. चारशे पेपर होते, चष्म्याची काडी सैल झाली होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी पंख्यावरून भांडत होतं. माणूस आहे, थकतो. पण हे आपण म्हणायचं. ती स्वतः नाही म्हणाली.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गठ्ठे बांधत होती, तेव्हा अर्थशास्त्राच्या गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका सुटून फरशीवर उपडी पडली. उचलायला गेली, तर शेवटची पानं वर आली. भरलेली! सुवाच्य अक्षरात तीन पानं, ‘प्रश्न सहावा’ असं शीर्षक देऊन, खाली दोनदा अधोरेखित. तिने मागे उलटलं. त्याआधी दोन कोरी पानं आणि त्यावर तिरपी काट. पोरीने किंवा पोराने पाचव्या प्रश्नाचा राहिलेला भाग लिहायला जागा सोडून पुढे सहावा लिहिला होता. तपासनिसांनी कोरं पान पाहिलं, काट मारली, आणि मुखपृष्ठावर सहाव्या चौकटीत ‘लिहिला नाही’ या अर्थाची आडवी रेघ ओढली. एकूण गुण एकोणतीस. पास व्हायला पस्तीस. सहावा प्रश्न चौदा गुणांचा. आणि कोपऱ्यात तिची सही.

 आकडा चार हजार एकशे बारा. हा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायला परवानगीही नव्हती. आकड्यांची किल्लीवही परीक्षा नियंत्रकांच्या कपाटात. पण पेपर पहिल्या वर्षाचा होता, राहिलेला विषय म्हणून पुन्हा दिलेला, एवढं त्याच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून कळत होतं. म्हणजे हा विद्यार्थी दुसरं वर्ष संपवून बसलेला. आणि पहिल्या वर्षाचा एक जरी विषय राहिला तरी तिसऱ्यात प्रवेश नाही, कलम एकोणचाळीस. एका माणसाचं एक वर्ष.

पडताळणीच्या अर्जाला दहा दिवसांची मुदत असते. तेवढ्यात त्या विद्यार्थ्याने अर्ज केला, तर सगळं सरळ होतं. नाही केला, तर आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो नळदुरुस्तीचं काम करायचा, पाने-पकडीची पिशवी दारातच टेकवून जेवायला बसायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, मग साहेबांना सांग आणि उघड तो पेपर.”

“अहो, उघडता येत नाही. नियम आहे.”

“कुणी केला असला नियम?”

तिने स्वतःकडे बोट दाखवलं. तो पाच मिनिटं हसत होता, मग तिचं तोंड बघून थांबला. “हे बघ,” तो म्हणाला, “मला गळती दिसली की मी आधी नळ बंद करतो, मग मालकाला विचारतो.”

“तुमचं बरं आहे. तुमच्या नळाला परिशिष्ट नसतं.”

तिसऱ्या दिवशी तिने धीर करून नियंत्रकसाहेबांचं दार वाजवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला वर्ष उरलेलं, त्यामुळे अंगावर काही येऊ नये एवढीच इच्छा. तिचं सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

“ताई, त्या मुलाला वाटलं तर तो करेल ना अर्ज.”

“आणि नाही केला तर?”

“तर आपण काय करणार? ‘कोणत्याही कारणास्तव’ असं लिहिलंय. लिहिलंय कुणी, ते मी सांगायला नको.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुमचं अधीक्षकपदाचं आहे. सेवापुस्तक कोरं करकरीत आहे तुमचं. कशाला पायावर धोंडा मारून घेताय?”

ती बाहेर आली. त्या दिवसापासून तिचं एका जागी बूड ठरेना. अर्ज आले की साहेब किल्लीवही पाहून चिठ्ठीवर सांकेतिक आकडा लिहीत आणि तिच्याकडे पाठवत, तिने तेवढेच पेपर काढायचे. दर दोन तासांनी चिठ्ठ्या यायच्या. ती शिपाईदादांच्या हातातून त्या जवळजवळ हिसकावून घ्यायची. चार हजार नव्वद. चार हजार एकशे तीन. एकदा चार हजार एकशे बाराच दिसला, नीट पाहिलं तर एकशे बावीस. शिपाईदादा म्हणाले, “ताई, लॉटरी लावलीय का?” ती त्यांच्या अंगावर खेकसली आणि मग दिवसभर तिला त्याचंही वाईट वाटत राहिलं.

सहाव्या दिवशी तिने नियमाच्या कडेकडेने चालून पाहिलं. मुदतीची सूचना फलकावर लावायची असते. किती मोठ्या अक्षरात, ते कुठल्याच कलमात नाही. तिने हातभर अक्षरांत लिहिली. एक फलकावर, एक ग्रंथालयाच्या दारात, एक उपाहारगृहात हात धुवायच्या जागी. ‘नापास विद्यार्थ्यांनी पडताळणीसाठी अवश्य अर्ज करावा.’ ते ‘अवश्य’ तिचं स्वतःचं. अर्जांचा पाऊस पडला. साहेबांची मान लिहून लिहून अवघडली. पन्नास गुणवाल्यांनीही अर्ज केले, एकाने तर ज्या पेपराला तो बसलाच नव्हता त्याच्याही पडताळणीचा अर्ज केला. आला नाही तो एकच.

नियमांनी माणूस असा बांधला जातो की स्वतःच मारलेली गाठ स्वतःलाच सुटत नाही. तिला त्या न पाहिलेल्या पोराचा राग यायला लागला. तीन पानं लिहिलीस ना? मग एक कागद लिहायला काय होतं? की विश्वासच नाही आमच्यावर? की जरा जास्तच आहे? भाजी चिरताना तिचं हे बोलणं तोंडातून बाहेर पडायचं. नवरा म्हणायचा, “पोराला कशाला बोलतेस? खाई त्याला खवखवे.” मग ती त्यालाही बोलायची.

दहाव्या दिवशी पाच वाजता खिडकी बंद झाली. शेवटची चिठ्ठी तिने दोन्ही बाजूंनी पाहिली. नव्हता.

ती नियमपुस्तक पिशवीत घालून घरी घेऊन आली. पाठ असलेलं पुस्तक तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, जणू दुसऱ्या कुणी लिहिलंय. शिकवण्याचे तास, हजेरी, श्रेणी, कृपागुण, सगळं ओलांडत ती अगदी मागे गेली, कर्मचाऱ्यांच्या वर्तणुकीच्या भागात, जिथे जायची तिला कधी गरज पडली नव्हती. कलम एकशे एकतीस: परीक्षेच्या कामात कसूर केल्याची तक्रार कर्मचाऱ्याविरुद्ध आली, तर चौकशी समितीला पुरावा म्हणून संबंधित उत्तरपत्रिका उघडता येईल आणि दोष दुरुस्त करता येईल. तक्रार कुणी करायची, यावर बंधन नव्हतं. ‘कोणीही’ एवढंच.

नवरा भांडी विसळत होता. “काय झालं? हसतेस काय?”

“माझ्यावर तक्रार करणारेय.”

“कोण?”

“मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आवक खिडकीवरच्या कारकुनाने तो अर्ज तीनदा वाचला. “ताई, तक्रारदाराच्या रकान्यात तुमचं नाव आहे.”

“हो.”

“आणि विरुद्धच्या रकान्यातही तुमचंच.”

“मग? शुद्धलेखन चुकलंय का?”

“मी असलं कधी घेतलं नाही हो.”

“न घेण्याचं कलम दाखव, परत नेते.”

त्याने मुकाट्याने शिक्का मारला. तासाभरात अख्ख्या विभागाला कळलं. कुणी म्हणालं हात दाखवून अवलक्षण, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. साहेब दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी समिती नेमल्याचा कागद सही करून पुढे ढकलत म्हणाले, “तुम्हीच लिहिलेल्या कलमाला तुम्हीच बगल दिलीत.”

“बगल नाही दिली, साहेब. पुढचं कलम वाचलं.” पण तिला भीती वाटत होती, भरपूर.

समितीने महिना घेतला. पेपर दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेला. कलमताईची बढती वर्षभरासाठी थांबली, सेवापुस्तकात लाल शाईने एक ओळ पडली, आणि तिला पडताळणीतून काढून गुणपत्रिका वाटपाच्या खिडकीवर बसवलं. तिथे उभ्या उभ्या तिला साहेबांनी सहाव्या प्रश्नाचे गुण सांगितले. चौदापैकी तीन. एकोणतीसचे बत्तीस झाले. नापास तो नापासच.

तिला आधी खरंच वाटेना. मग ती इतकी चिडली की डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोत्यासारखं अक्षर आणि तीन? घरी नवरा म्हणाला, “तू काही त्याला पास करायला तक्रार केली नव्हतीस.” हे खरंच होतं, म्हणून तर ते तिला जास्त लागलं. बढती गेली, लाल ओळ आली, आणि कुणाचं काही भलंही झालं नाही. आठवडाभर ती खिडकीत बसून कागद देत होती, पण मन ठिकाणावर नव्हतं.

मग एका दुपारी एक मुलगी सुधारित गुणपत्रिका न्यायला आली. सुधारित अशी त्या सत्रात एकच होती, बाकीच्या अर्जांत काही बदललं नव्हतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने ती उभ्यानेच वाचली. कलमताईने नजर रजिस्टरवर ठेवली. विद्यार्थ्याशी पेपराबद्दल बोलायचं नाही, कलम बावीस.

“तीन वाढलेत,” मुलगी म्हणाली. “कशाचे?”

कलमताईने रजिस्टरचं पान उलटलं.

“सहाव्याचे का? तोच मी मधे पानं सोडून, शेवटी लिहिल्याचं आठवतं.” मुलगी खिडकीच्या गजांशी वाकली. “म्हणजे मी लिहिला होता ना? बाई, सांगा ना, होता ना माझा सहावा प्रश्न?”

“तू अर्ज का नाही केलास?” कलमताईच्या तोंडून निघून गेलं. इतक्या दिवसांचं होतं, निघालंच.

“केला असता. निकाल लागला तेव्हा मी घरी सांगितलं, मी सगळे प्रश्न लिहिलेत. बाबा म्हणाले, लिहिले असते तर त्यांनी मार्क दिले नसते का, एवढं मोठं विद्यापीठ खोटं आणि तू खरी? दादा म्हणाला, ही पेपरला बसलीच नसेल, भटकत असेल. रोज तेच. शेवटी मलाच वाटायला लागलं, की सहावा लिहिलाच नसेल. मला आठवतंय ते खोटंच असेल.” तिने गुणपत्रिका छातीशी धरली. “नापास झाले त्याचं काही नाही. पुन्हा देईन. पण ते अजून मला खोटारडी म्हणतात.”

 महिनाभर कलमताई गुणांचा हिशोब करत होती आणि इथे गोष्ट गुणांची नव्हतीच. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त त्या पोरीची माया आली.

“तू लिहिला होतास,” ती म्हणाली. “तीन पानं. मी पाहिला नाही. चूक माझी होती.”

मुलीने गुणपत्रिकेची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाली, “हे लिहून द्याल? बाबांना दाखवायला?”

मागे रांगेतलं कुणीतरी कुरकुरलं. असं पत्र द्यायला नियंत्रकांची परवानगी लागते, जावक क्रमांक लागतो, तीन प्रती लागतात. कलमताईने एक कोरा कागद ओढला आणि लिहायला लागली. सहीच्या खाली तिने घरचा पत्ताही घातला, आणि म्हणाली, “बाबांना सांग, पटलं नाही तर घरी या. मी सांगेन त्यांना.”